तुम्ही विचारलंत म्हणून: फळ्यावर मी कानाचं मशीनच का लिहितो

डिसेंबर उजाडला की आमच्या कॅन्टीनमधल्या पांढऱ्या फळ्यावर तीन रकाने पडतात: नाव, यंदाची करमणूक, यंदाचं गॅजेट. ज्याला जे आवडलं ते त्यानं लिहायचं आणि शनिवारी जेवण झाल्यावर उभं राहून दोन वाक्यं बोलायचं. मेन्टेनन्सचा पोरगा ड्रोन लिहितो, अकाउंट्समधल्या ताई एअर फ्रायर, डिस्पॅचवाले झोप मोजणारं घड्याळ. (दिवसाची झोपही मोजतं का, हे एकदा विचारायचं आहे.) करमणुकीत हिंदीत डब झालेल्या कोरियन मालिका, नाहीतर आयपीएल. माझ्या नावापुढं गेल्या वर्षी आणि यंदाही 'कानाचं मशीन' आहे. मग जिन्यात, चहाच्या टपरीवर, पार्किंगमध्ये कोणी ना कोणी गाठतंच. "काका, खरंच आवडतंय म्हणून लिवलंय, का आमाला टोमणा हाय?" एखादी मायेनं विचारते, "कशाला असलं लिहून वातावरण जड करताय?"

वातावरण जड होतं हे मला मान्य नाही. तुमच्या कानातला बड चालतो, मग माझं का चालू नये? त्यात मायक्रोफोन आहे, ॲम्प्लिफायर आहे, नखाएवढ्या चिपवर सगळा हिशेब होतो, ब्लूटूथवर फोन येतो, ॲपमधून आवाज कमी-जास्त होतो. किंमत म्हणाल तर तुमच्या डझनभर बडांच्या वर जाते. तुमच्या बडवर जीएसटी 18 टक्के आणि माझ्या मशीनवर शून्य, एवढाच काय तो सरकारनं केलेला भेदभाव. हे गॅजेट नाही तर काय आहे?

हे मी फार तावातावानं बोलतो, माझ्या लक्षात आहे. आवडत्या वस्तूबद्दल माणूस इतका तावातावानं बोलत नाही.

कान कसे गेले ते सांगत बसत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत ज्याची उमर गेली त्याला फेटलिंग शॉप समजावून सांगायला नको. (बाकीच्यांसाठी: ओतीव लोखंडी भागांवरचं जादा लोखंड तासून काढायची जागा.) कारखान्याच्या नियमात आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, आणि चिपिंग हॅमर सुरू झाला की तो सहज शंभराच्या वर बोलतो. पिवळे फोमचे बोळे तेव्हाही मिळायचे. ते घातले की क्रेनचा हॉर्न ऐकू येत नाही, म्हणून आम्ही ते हेल्मेटच्या पट्ट्यात खोचून ठेवायचो. याद्यांचंच म्हणाल तर फॅक्टरी ॲक्ट 1948 च्या तिसऱ्या परिशिष्टात सरकारला कळवाव्या लागणाऱ्या रोगांची यादी होती, तिच्यात आवाजानं आलेला बहिरेपणा होता. त्या यादीत असलेल्या माणसानं कॅन्टीनच्या यादीत यायला कोणाची हरकत असू नये.

आता ऑडिटचं, म्हणजे गिऱ्हाइकानं येऊन केलेल्या तपासणीचं सांगतो, कारण फळ्याचं मूळ तिथं आहे.

त्याआधी एक गोष्ट, जी नवीन पोरांना माहीत नाही. एसजी आयर्नचं (आत ग्रॅफाइटचे गोळे असलेल्या बिडाचं) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, हातोडीनं वाजवलं की घंटेसारखं वाजतं. मॅग्नेशियमची क्रिया नीट झाली नसेल, ग्रॅफाइटचे गोळे व्हायच्या ऐवजी पाकळ्या राहिल्या असतील, तर ते बद्द वाजतं. आत चीर असली तरी नाद मरतो. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी मी कास्टिंग दोरीला टांगून एक टोला मारायचो आणि सांगायचो, ही हीट, म्हणजे एका वितळीचा सगळा माल, बाजूला ठेवा. मला क्वालिटीत घेतलं ते या कानांवर. डिग्रीवाले तेव्हाही माझ्यापेक्षा जास्त होते.

तर ऑडिट. मशीन घेऊन काही महिने झाले होते आणि ऑफिसात मी कोणालाच सांगितलं नव्हतं. केस कानावर येतील असे वाढवले होते, बायको म्हणायची या वयात हिरो व्हायचंय काय. पुण्याकडच्या गिऱ्हाइकाची दोन माणसं कॉन्फरन्स रूममध्ये बसली होती, चहा आला होता. आमच्या मोठ्या साहेबांना माझ्या कानातून वर जाणारी ती बारीक तार दिसली. ते वाकून म्हणाले, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "कानातलं काढा की आधी. पाहुणे समोर बसलेत, गाणी नंतर ऐका."

मी काढलं.

एक वाक्य पुरलं असतं. "साहेब, ते मशीन आहे." ते वाक्य तेव्हा तोंडाशी आलं होतं की नाही हे आजही मला सांगता येत नाही. मी हसलो, मशीन काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि वही उघडली. गडबडीत बॅटरीचं दार उघडायचं राहिलं. ज्यांनी हे मशीन वापरलेलं नाही त्यांच्यासाठी: ते चालू ठेवून मुठीत किंवा खिशात दाबलं की स्वतःचाच आवाज परत पकडतं आणि शिट्टी मारतं. बारीक, वरच्या पट्टीतली शिट्टी. आणि वरची पट्टी हीच तर माझी गेलेली. म्हणजे माझ्या छातीवर शिट्टी वाजत होती आणि खोलीत ती ऐकू न येणारा मी एकटाच होतो.

मला फक्त माना वळताना दिसल्या. कोणी एसीकडं बघतंय, कोणी प्रोजेक्टरकडं, डिस्पॅचवाल्यानं स्वतःचा मोबाइल काढून पाहिला. मीही बघितलं, सगळे बघतायत म्हणून. शेवटी पाहुण्यांपैकी एकानं माझ्या खिशाकडं बोट केलं. साहेबांचे ओठ हलले. फोन सायलेंटवर ठेवा, असं काहीतरी असणार. मी दोन बोटं खिशात घालून चाचपत ते इवलंसं दार उघडलं. माना सरळ झाल्या, तेव्हा कळलं की बंद झालं.

पुढं शॉपवर गेलो. पाहुण्यानं दोन ब्रॅकेट उचलले, टांगले, हातोडी मागितली. जुन्या वळणाचा माणूस होता. एकावर टोला, दुसऱ्यावर टोला, आणि माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं. फरक वाटतो का, असंच विचारलं असणार, दुसरं काय विचारणार? मला दोन्ही वेळा खालचा एक ठोका ऐकू आला. नाद वर होता, तिथं मी नव्हतो. मी म्हणालो, "मायक्रो बघू या," आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीच्या रिपोर्टची फाइल पुढं केली. फाइल चोख होती. ऑडिट पास झालं. संध्याकाळी पेढे वाटले.

आता तेव्हाच्या स्वतःला मी विचारतो, बोलायला काय धाड भरली होती? तो म्हणतो, बोललो असतो तर क्वालिटीचा माणूस बहिरा आहे हे गिऱ्हाइकाला ऑर्डरच्या आधी कळलं असतं, चाललं असतं का? मी म्हणतो, चष्मा लावून मायक्रो बघतोस ते चालतं की. तो म्हणतो, चष्म्याला कोणी "काढून ठेवा" म्हणत नाही. इथं माझ्याकडं उत्तर नसतं. साहेबांची बाजू घेत नाही, पण त्यांना माहीत नव्हतं हे खरं आहे. मी लपवलं हेही खरं आहे, आणि लपवायचा मला हक्क होता असं मला अजून वाटतं.

त्या डिसेंबरात फळ्यावर 'कानाचं मशीन' लिहिलं. टोमणा होता का? थोडा होता. साहेबांनी वाचलं, काही बोलले नाहीत. तेव्हापासून माझ्याशी मोठ्यानं बोलतात. त्याचा उपयोग नाही. आवाज मला पुरतो, अक्षरं गळतात. स, श, फ, ख, थ. मोठ्यानं नको, माझ्याकडं तोंड करून बोला आणि बोलताना तोंडावर हात धरू नका, एवढं केलंत तरी फार झालं.

आणि आवडतं का? गॅजेट म्हणून खरंखुरं सांगतो. समोरासमोर दोन माणसांत उत्तम. कॅन्टीनमध्ये भिकार, कारण ताटांची आदळआपट आणि तुमचं बोलणं त्याला सारख्याच मोलाचं वाटतं. पावसाळ्यात रोज रात्री ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या डबीत झोपवावं लागतं, नाहीतर ओल धरतं. सर्वात मोठी खोट अशी की शिट्टी दाबायला आत जी सोय आहे तिला लांबत जाणारा शुद्ध सूर म्हणजे शिट्टीच वाटते. त्यामुळं टोला मारलेलं कास्टिंग मशीनमधून थरथरत, गचके खात वाजतं, देवळातली घंटाही तशीच. ॲपमध्ये संगीताचा वेगळा प्रोग्रॅम आहे, त्यात ही दाबादाबी कमी होते. तो लावून मी पुन्हा ब्रॅकेट टांगून पाहतोय. चांगलं आणि बद्द वेगळं कळतं, कधी कधी. या कानांच्या भरवशावर हीट बाजूला ठेवायला सांगणार नाही.

करमणुकीच्या रकान्याबद्दलही विचारता. मशीन घेतल्यावर पहिलं नाटक केशवराव भोसले नाट्यगृहातच बघायचं असं ठरवलं होतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री शाहू महाराजांनी बांधलेलं ते 1915 चं थिएटर जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्यावर इथं कोणाला काही सांगायची गरज नाही. घरी सिनेमे बघतो, पण मराठी सिनेमाखाली इंग्रजी अक्षरं येतात, मराठी क्वचितच. कोल्हापूरच्या माणसानं मराठी विनोद इंग्रजीत वाचून हसायचं, तेही बायकोच्या आधी, कारण अक्षरं आवाजाच्या जरा आधी येतात. ती म्हणते, हसू नका, मला ऐकू दे. म्हणून मी शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल लिहितो. पाटाकडील आणि दिलबहार हे दोन संघ समोरासमोर आले की तिथं कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. मशीन काढून खिशात ठेवतो, आता दार उघडून.

ज्याला कानाचं मशीन हातात घेऊन बघायचं आहे त्यानं खुशाल मागावं, लाजू नका. फक्त डबीतल्या नव्या बॅटरीचा तपकिरी स्टिकर गंमत म्हणून सोलू नका. हवा लागली की ती सुरू होते, परत चिकटवून थांबत नाही, आणि पाकीट मला माझ्या पैशानं आणावं लागतं.