तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्र्याचं पुस्तक घेताना गुरगुरण्याचं पान आधी वाचा

ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, घरात पिल्लू आलं की महिनाभरात हा प्रश्न येतोच: "कुत्र्याचं वागणं समजायला कुठलं पुस्तक वाचू? आणि घरात 'अल्फा', म्हणजे सगळ्यांवर वरचढ म्होरक्या, आपणच आहोत हे त्याला दाखवून द्यावं लागतं, हे खरं का?" दोन्ही प्रश्न जोडीनेच येतात. एक पुस्तक सांगतं, त्याच्याआधी जेवा, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा. दुसरं सांगतं, हे सगळं थोतांड आहे.

आधी अल्फाचं बघू. दाखवून द्यावं लागत नाही. पण "कुत्र्यांमध्ये वरचा-खालचा असा प्रकारच नसतो" असं जे आता दुसऱ्या टोकाला जाऊन सांगतात, तेही मला पटत नाही.

अल्फाची कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून 1947 साली त्यांच्यातल्या वर्चस्वाच्या भांडणांचं वर्णन केलं. ते लांडगे कुंपणात होते. जंगलात हरलेला लांडगा उठून दुसरीकडे जातो, कुंपणात त्याला तिथेच मार खात राहावं लागतं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या 'द वुल्फ' या पुस्तकाने ही कल्पना सगळीकडे पोचवली. पुढे 1986 पासून उन्हाळ्यामागून उन्हाळा कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे बघून त्याच मेक यांनी 1999 मध्ये लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथे कोणी लढून 'अल्फा' होत नाही, पोरं झाली की आई-बाप आपोआप मोठे ठरतात. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले, आणि 2022 मध्ये ते थांबलं. स्वतःचंच गाजलेलं पुस्तक मागे घ्यायला लावणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

तोवर कल्पना कुत्र्यांच्या पुस्तकांत मुरली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातल्या साधूंनी 'हाऊ टू बी युवर डॉग्ज बेस्ट फ्रेंड' या 1978 च्या त्यांच्या लोकप्रिय पुस्तकात चुकलेल्या कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरायला सांगितलं. 2002 च्या सुधारित आवृत्तीत त्यांनीच हा सल्ला मागे घेतला. जुनी प्रत हाती आली तर आतलं साल बघून घ्या. 2004 पासून सीझर मिलान यांच्या टीव्ही कार्यक्रमामुळे 'पॅक लीडर' (कळपाचा म्होरक्या) हा शब्द मात्र आपल्याकडच्या सोसायट्यांपर्यंत पोचला.

उताणं पाडण्यात मुळातच गफलत आहे. शेंकेल यांनीच 1967 मध्ये नमतं घेण्यावर लिहिलं, त्यात दबलेला लांडगा स्वतःहून आडवा होतो, पोट दाखवतो. त्याला कोणी पाडत नाही. माणूस जबरदस्तीने पाडतो तेव्हा कुत्र्याला 'हा मला मारणार' एवढंच कळतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वागणुकीची तक्रार घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या 140 मालकांना काय-काय करून पाहिलं ते विचारलं होतं (2009). मारून किंवा लाथ घालून पाहिलेल्यांपैकी 43 टक्क्यांना, उताणं पाडून पाहिलेल्यांपैकी 31 टक्क्यांना आणि डोळे रोखून पाहिलेल्यांपैकी 30 टक्क्यांना कुत्र्याने उलटून आक्रमक उत्तर दिलं.

मग कुत्र्यांत उतरंड असते का? रोममधल्या मोकाट कुत्र्यांच्या एका गटात संशोधकांना ती नीट क्रमाने लागलेली दिसली (2010). सकाळी ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठावर किंवा नेरुळच्या मासळी बाजाराबाहेर दहा मिनिटं उभे राहिलात तर तुम्हालाही कोण कोणाला वाट देतं ते कळेल. पण मोकाट कुत्री खाणं शोधायला बहुतेक वेळा एकेकटी फिरतात, ती लांडग्यांसारखी शिकारी टोळी नव्हे. शिवाय हे वरच्या-खालचं नातं त्या-त्या दोन कुत्र्यांमधलं असतं. 'हा कुत्रा डॉमिनंट (वरचढ) आहे' या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. कोणासमोर, आणि कशावरून? संशोधकांचा खरा वाद इथेच आहे. जॉन ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ही संकल्पना कुत्र्यांसाठी कामाची नाही असं मांडलं, तर 2014 मध्ये डच संशोधकांनी ती कामाची आहे असं उत्तर दिलं. पण माणसाने कुत्र्याला दाबून शिकवावं, हे त्या डच उत्तरातूनही निघत नाही.

म्हणून पुस्तक हातात घेतलंत की गुरगुरण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी काढा. 'लगेच मोडून काढा' असं असेल तर ते परत ठेवा. गुरगुरणं म्हणजे चावण्याआधीची सूचना आहे. ती मार देऊन बंद केली की भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावू शकतो.

समजा, जेवताना जवळ गेलं की तो गुरगुरतो. आधी बाऊल कुठे आहे ते बघा. वन बीएचकेत तो स्वयंपाकघराच्या दारात असतो आणि घरातला प्रत्येक जण त्याच्यावरून पाय टाकून जातो. नुसता तो बाल्कनीच्या कोपऱ्यात हलवल्याने पुष्कळदा निम्मं काम होतं. मग सात-आठ फुटांवर उभे राहा. अंग सैल आणि खाण्याचा वेग पहिल्यासारखाच असेल, तर ते तुमचं सुरुवातीचं अंतर. तिथून उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा बाऊलकडे टाका, मीठ-कांदा-लसूण काही नको, आणि लगेच मागे फिरा. एका जेवणाला चार-पाच वेळा पुरे. तुम्ही येताना तो मान वर करून आनंदाने तुमच्या हाताकडे बघायला लागला, की अर्धा फूट पुढे. याला आठवडे लागतात. तो ताठ झाला, भराभर गिळायला लागला किंवा डोळ्याचा पांढरा भाग दिसला, तर दोन फूट मागे या. बिघडतं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, घरातलं कोणीतरी 'बघू सुधारलाय का' म्हणून बाऊलमध्ये हात घालतं तेव्हा. लहान मुलांना या कामात घेऊ नका. तो एकदा चावला असेल तर हे एकट्याने करू नका, डॉक्टर आणि वागणुकीतला जाणकार दोघंही हवेत. आणि शांत कुत्रा अचानक गुरगुरायला लागला तर पुस्तक नंतर, आधी कान, दात आणि सांधे तपासून घ्या. दुखणं हे त्याचं फार नेहमीचं कारण असतं.

'अल्फा'चे बाकीचे नियम? तुम्ही आधी जेवा की नंतर, त्याला फरक पडत नाही. रस्सीखेचीत तो जिंकला तरी डोक्यावर बसत नाही, हे गोल्डन रिट्रीव्हरवर तपासून झालंय. दारात थांबायला मात्र जरूर शिकवा, कारण घोडबंदरच्या टॉवरमध्ये लिफ्टचं दार उघडतं तेव्हा समोर दुसरा कुत्रा किंवा सायकल घेतलेलं मूल असतं. लिफ्टमध्ये मागच्या कोपऱ्यात उभे राहा, त्याला भिंतीच्या बाजूला घ्या. पट्टा आखूड पण सैल हवा, कारण ताणलेल्या पट्ट्यावर कुत्रा आधीच बिथरतो. दार उघडताच खाऊचा तुकडा त्याच्या नाकाशी धरा, समोरचे बाजूला झाले की निघा.

एकच पुस्तक घ्यायचं तर पॅट्रिशिया मॅककॉनेल यांचं 'द अदर एंड ऑफ द लीश' (2002) घ्या. आपण वाकून मिठी मारतो, ती कुत्र्याला कशी वाटते, हे ते समजावतं. शिकवण्याचं तंत्र हवं असेल तर कॅरन प्रायर यांचं 'डोन्ट शूट द डॉग' (1984), त्यात कुत्र्यांपेक्षा शिकण्याचे नियम जास्त आहेत. वादाची मुळं समजून घ्यायला ब्रॅडशॉ यांचं 'इन डिफेन्स ऑफ डॉग्ज' (2011). सोसायटीच्या गेटवरची इंडी (आपली देशी कुत्री) घरी आणली असेल, तर रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांचं 2001 चं 'डॉग्ज' वाचा. माणसांच्या उकिरड्याभोवती जगणाऱ्या कुत्र्यांकडे ते पाळीव कुत्र्याची बिघडलेली आवृत्ती म्हणून बघत नाहीत. मूळ कुत्रा तोच, असं ते मांडतात. त्यांचं सगळंच सर्वांना मान्य नाही, मलाही नाही, पण गेटवरच्या कुत्र्याकडे बघायची नजर त्यातून मिळते.