बोगमाळोच्या विमानांची सफर

गोव्यात विमानं बघायला जायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, बीचवर नाही जायचं का? पण दाबोळी विमानतळाकडून बोगमाळो बीचला जाणारा जो रस्ता आहे ना, त्यावरच नौदलाचं विमान संग्रहालय आहे, 1998 पासून, त्यामुळे दोन्ही होतं. वास्कोला मामाकडे उतरलो होतो. मामाची सगळी नोकरी मुरगाव बंदरात गेली, जहाजं त्याला तोंडपाठ, म्हणून त्यालाच घेऊन गेलो.

नजर पहिली जाते ती सुपर कॉन्स्टेलेशनवर. लॉकहीडचं चार इंजिनांचं पंख्याचं विमान, पंखांची लांबी साधारण 37 मीटर, पाठीला माशासारखा बाक, आणि शेपटीला उभे पंख चक्क तीन! मामा म्हणाला, "अरे, तीन कशाला?" तर एकच उंच ठेवला असता तर विमान त्या काळच्या हँगरात, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, शिरलंच नसतं, म्हणून उंची तीन ठिकाणी वाटून टाकली. एकेका इंजिनात 18 सिलिंडर, वर बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर टर्बाइन फिरवून ती ताकदसुद्धा परत इंजिनाला जोडलेली. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं ते याच घराण्यातलं, थोरलं भावंड म्हणा. नंतर जेट आली, 1960 मध्ये बोइंग 707 आलं, आणि सुपर कॉन्स्टेलेशन एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि 1976 मध्ये नौदलाकडे समुद्रावर टेहळणीला आली. प्रवासी विमानाला असं दुसरं आयुष्य मिळालेलं मला फार आवडतं.

पण माझा खरा जीव सी हॉकवर. 1961 मध्ये विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात आली, तिच्यावरचं हे लढाऊ जेट. साधारणपणे जेटचा धूर शेपटीतून निघतो, यात तसं नाही, आतली नळी दोन फाट्यांत वाटून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बाहेर काढलीय. त्यामुळे मागचं अख्खं अंग मोकळं राहिलं आणि तिथे इंधनाची टाकी बसली. समुद्रावर उडणाऱ्याला जास्त इंधन म्हणजे परत जहाजापर्यंत पोचायची खात्री, हे कळलं की त्या विमानाचा आकार एकदम पटतो. पंख वर घडी होतात, कारण जहाजाच्या पोटात जागा किती ते मामाने एका वाक्यात सांगितलं, "बोटीवर इंच इंच मोजून ठेवतात रे." 1971 च्या डिसेंबरात याच सी हॉकनी विक्रांतवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. पाणबुड्या शोधणारं आलिझे पण बघा, तीन माणसांचं, रडार पोटातून खाली उतरवायची सोय असलेलं.

नंतरचं लढाऊ जेट सी हॅरियर, त्याचे पंख मात्र घडी होत नाहीत, मुळात लांबीच 7.7 मीटर! घडी होतं ते नाक. पेगासस इंजिनाची चार तोंडं खाली वळली की ते सरळ उभं खाली उतरतं. ती तोंडं बघायला मामा वाकून वाकून फिरत होता. 1983 पासून 2016 पर्यंत हे इथल्याच नौदलाच्या हंसा तळावरून उडत होतं.

आणि बाजूचा दाबोळीचा रनवे! गोवा मुक्तीच्या वेळी, 18 डिसेंबर 1961 ला पुण्याहून आलेल्या हवाई दलाच्या 12 कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले, पण रनवेच फोडायचा, बाकी विमानतळाच्या इमारतींना हात लावायचा नाही असा हुकूम होता. तरी रात्री पोर्तुगीजांची दोन विमानं त्या फुटक्या धावपट्टीवरून निसटलीच, आणि त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशनच होतं. इतकं मोठं विमान तेवढ्या उरलेल्या लांबीत उडवणाऱ्या वैमानिकाला, शत्रूकडचा असला तरी, मानलं पाहिजे.

बरीच विमानं उघड्यावर आहेत, खारा वारा आणि गोव्याचा पाऊस अंगावर घेत. निदान सुपर कॉन्स्टेलेशनवर तरी छप्पर यावं असं मनापासून वाटतं, अशी विमानं जगात फार उरली नाहीत. सोमवारी बंद असतं, आणि ऊन चढायच्या आत जा, बाहेर सावली कमी आहे.