सजलेल्या तंबूत मुलांना काम काय? एका हंगामाच्या नोंदी

ग्लॅम्पिंगच्या, म्हणजे सोयींनी सजवलेल्या तंबूंच्या जागी आपण पोहोचतो तेव्हा तंबू उभा असतो, पलंगावर धुतलेल्या चादरी असतात, मागच्या बाजूला न्हाणीघर असते आणि जेवणाची वेळ फळ्यावर लिहिलेली असते. मोठ्यांसाठी हे सुखच आहे. परंतु चार किंवा सात वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहिले, तर त्याच्या वाट्याला येऊ शकणारी सगळी कामे कोणीतरी आधीच उरकून ठेवलेली असतात. साध्या कॅम्पिंगमध्ये खुंट्या ठोकणे, दोर ताणणे, पाणी आणणे आणि काटक्या गोळा करणे यांतच मुलांचा अर्धा दिवस आनंदात जातो. तंबूत शिरल्यावर तासाभरातच मोबाइल मागितला जातो, अशी तक्रार आपल्यापैकी अनेक जण करतात. तिचे मूळ माझ्या मते जागेच्या निवडीत किंवा खेळण्यांच्या कमतरतेत नाही, तर हातातून काढून घेतलेल्या या कामांत आहे. म्हणून या हंगामात आम्ही खेळण्यांची पिशवी हलकी करत गेलो आणि तिच्या जागी कामे भरत गेलो. आमची मोठी मुलगी सात वर्षांची आहे, धाकटा चार वर्षांचा. राहणे पुण्यात, त्यामुळे पुढच्या सर्व नोंदी तीन-चार किंवा फार तर पाच तासांच्या प्रवासातील जागांच्या आहेत.

मे अखेर, भंडारदरा

या दिवसांत भंडारदऱ्याला जाण्याचे कारण एकच, ते म्हणजे काजवे. मेच्या अखेरीपासून पावसाने जोर धरेपर्यंत प्रवरेच्या खोऱ्यातील झाडे त्यांनी भरून जातात. मात्र ग्लॅम्पिंगची सजावट आणि काजवे यांचे मुळातच जमत नाही, कारण काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे नर आणि मादी यांनी एकमेकांना दिलेली खूण असते आणि तंबूंभोवती सोडलेल्या दिव्यांच्या माळांच्या उजेडात ती खूण हरवते. म्हणून जागा ठरवतानाच आम्ही विचारून घेतले की रात्री माळा आणि ओसरीवरचे दिवे बंद करता येतील का. मालकाने होकार दिला आणि त्यातूनच मुलीला त्या रात्रीचे काम मिळाले: अंधार पडल्यावर आमच्या तंबूचे सर्व दिवे मालवायचे आणि शेजारच्या तंबूंत जाऊन नम्रपणे तशी विनंती करायची. तिने हे काम ज्या गांभीर्याने केले ते पाहून दोन कुटुंबांनी गाडीचे दिवेसुद्धा झाकून घेतले.

धाकट्याकडे विजेरी दिली होती, तिच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी करून रबराने बसवला होता आणि ती फक्त पायांकडे धरायची असा नियम होता. पायवाट सोडायची नाही हा दुसरा नियम. त्याचे कारण मुलांना सांगितले की ते पाळतात, आणि कारण असे की माद्या बऱ्याचदा गवतात किंवा झुडपांत खालीच बसलेल्या असतात. काजवे बाटलीत भरण्याचा हट्ट होईल अशी भीती होती. तो झाला नाही, कारण त्याआधीच एक काजवा आपणहून मुलीच्या बाहीवर येऊन बसला आणि त्याच्या उजेडाला ऊब का नाही, या प्रश्नात तासभर गेला. सगळी मंडळी साडेनऊला परत आली. चार वर्षांच्या मुलासाठी याहून उशीर करण्यात अर्थ नाही. नंतरचे पाहणे हे केवळ आपल्या समाधानासाठी असते आणि दुसऱ्या दिवशीच्या चिडचिडीने त्याची किंमत मोजावी लागते.

पावसाळ्यात आम्ही तंबूत जात नाही. घाटमाथ्यावरच्या पावसात कॅनव्हास कितीही चांगला असला तरी लहान मुलांचे कपडे वाळत नाहीत, एवढे कारण पुरेसे आहे.

नोव्हेंबर, पवना

पवना धरणाच्या काठची तंबूंची गर्दी सर्वांना ठाऊक आहे. तरीही लहान मुलांसाठी ही जागा मी यादीतून काढणार नाही, कारण प्रवास कमी आहे आणि समोर तिकोना, तुंग, लोहगड आणि विसापूर असे चार किल्ले एका परिसरात आहेत. तिकोन्याचा त्रिकोणी माथा चार वर्षांच्या मुलालाही स्वतः ओळखता येतो आणि ओळखल्यावर तो सकाळपर्यंत प्रत्येकाला दाखवत राहतो.

या खेपेचा मुख्य प्रयोग म्हणजे आम्ही सोबत दोन माणसांचा साधा, जुना तंबू नेला आणि परवानगी घेऊन तो मोठ्या तंबूसमोरच्या मोकळ्या जागेत मुलांना उभारू दिला. हंगामातील सर्वांत यशस्वी गोष्ट हीच ठरली, म्हणून ती थोडी सविस्तर लिहितो. जमिनीवरचे खडे वेचणे आणि अंथरायचे कापड पसरणे हे धाकट्याचे काम होते. काठ्या जोडणे आणि त्या बाहीतून ओढण्याऐवजी ढकलत नेणे (ओढल्या की सांध्यात सुटतात) हे मोठीचे काम होते. खुंटी तंबूच्या उलट दिशेला किंचित कललेली ठोकायची असते, हे एकदा दाखवल्यावर तिने बाकीच्या स्वतः ठोकल्या. हातोडी मी रबरी दिली होती, तीही डोक्यावर पडू नये म्हणून मनगटाला दोरीने बांधून. तंबू थोडा वाकडा उभा राहिला आणि मी तो सरळ करण्याचा मोह आवरला. त्या तंबूत कोणी झोपले नाही. दिवसभर मात्र तेच घर, तेच दुकान आणि तेच इस्पितळ होते, आणि आम्ही भाडे भरलेल्या पलंगाच्या तंबूकडे मुले फक्त झोपायला आली.

पाण्याबाबत मी कडक आहे. धरणाच्या काठाचा उतार वरून सौम्य दिसतो, पण खाली गाळ असतो आणि दोन पावलांत खोली एकदम वाढते, त्यामुळे ‘फक्त पाय बुडवून येतो’ ही सवलत आमच्याकडे नाही. पोहोचल्याबरोबर मुलांसह जागेची हद्द चालून काढायची आणि पाण्यापासून बऱ्याच आधी झाडांना, दगडांना लाल फिती बांधायच्या, ही पद्धत आता रुळली आहे. फिती मुलांनीच बांधल्यामुळे त्या ओलांडल्या जात नाहीत. नावेत बसायचे झाल्यास जीवरक्षक जाकीट मुलाच्या वजनाला जुळणारे आणि मांड्यांमधून पट्टा असलेले हवे. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाला चढवले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खाली राहते. बहुतेक ठिकाणी लहान मापाची जाकिटे मिळत नाहीत, म्हणून आम्ही स्वतःची नेतो.

काठावरच्या बाभळीवर सुगरणीची रिकामी घरटी लटकत होती. विणीचा काळ पावसाळ्याचा असल्यामुळे हिवाळ्यात खाली पडलेले एखादे घरटे मिळू शकते; ते हाताळून आतला चिखलाचा गोळा शोधण्यात मुलांचा बराच वेळ जातो. झाडावरचे घरटे मात्र काढायचे नाही. कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे बारीक खड्डे दिसले तर तेही सोडू नका. त्यांच्या तळाशी एक अळी मुंगीची वाट पाहत दडलेली असते आणि काठावरून मातीचे दोन कण सोडले की ती खालून माती उडवते. धाकटा एका खड्ड्यापाशी जितका वेळ स्थिर बसला, तितका तो जेवणाच्या ताटापुढेही बसत नाही.

एक तक्रार नोंदवणे भाग आहे. शेजारच्या एका जागेवर रात्री दहानंतरही मोठ्या आवाजात गाणी चालू होती. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. परंतु कापडाच्या भिंतीआड रडणाऱ्या मुलाला नियम सांगून उपयोग नसतो. आता आरक्षण करताना न्हाणीघराच्या आधी मी हाच प्रश्न विचारतो, आणि आमचीच जागा नव्हे तर आसपासच्या जागांबद्दलही विचारतो.

डिसेंबर, पुन्हा भंडारदरा

थंडी कडाक्याची होती. तंबूत कोळशाची शेगडी ठेवण्याची कल्पना कोणी सुचवल्यास ती ठामपणे नाकारावी, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्यांना काही कळत नाही. आम्ही पलंगावर खालून गोधडी आणि वरून गोधडी असे केले. मुलांना झोपताना मोजे आणि कानटोपी घातली, आणि वरची खिडकी चार बोटे उघडी ठेवली. पूर्ण बंद केलेल्या तंबूत श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे थेंब पडू लागतात, त्यापेक्षा थोडी हवा बरी.

तारीख मुद्दाम 13 डिसेंबरच्या आसपासची निवडली होती, कारण त्या रात्री मिथुन राशीतील उल्कावर्षाव भरात असतो. बहुतेक उल्कावर्षाव मध्यरात्रीनंतर रंगतात. हा मात्र रात्री नऊ-साडेनऊपासूनच दिसू लागतो, कारण मिथुन राशीतील पुनर्वसू नक्षत्राचे तारे, ज्यांच्या बाजूने या उल्का येताना दिसतात, तोपर्यंत पूर्वेला चांगले वर आलेले असतात. लहान मुले असलेल्यांना याहून सोयीचा उल्कावर्षाव नाही. मुलांना सतरंजीवर आडवे करून प्रत्येकाला आकाशाचा एक भाग नेमून दिला आणि उल्का दिसली की गहू टाकायला एक वाटी दिली. धाकटा विमानासाठीही गहू टाकत होता, त्यावर वाद झाला आणि अखेर विमानासाठी वेगळी वाटी आली. उल्कांच्या मधला वेळ भरून काढायला मृग नक्षत्र होतेच: मध्यभागी रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, तो सोडणारा व्याध, लालसर रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका. त्यात किती तारे दिसतात यावर पैज लावावी. साध्या डोळ्यांना सहसा सहा दिसतात, मुलांना कधी जास्त.

सकाळी दव ओसरेपर्यंत बाहेर पडता आले नाही. त्या वेळेसाठी कंदील आणि कापडाची भिंत पुरेशी आहे. हाताच्या सावल्यांचे ससे आणि हरणे करून झाल्यावर मुलांनी कागद कापून भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचे दरवाजे केले आणि चादरीची प्रवरा सोडली. 1926 साली पूर्ण झालेले हे धरण आदल्या दिवशी पाहिले होते, त्यामुळे दरवाजे किती असावेत यावरही भांडण झाले.

जानेवारी, अलिबागजवळ

रायगड जिल्ह्यात थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याचा बेत, लागते, आणि मुलांना गुंतवण्याच्या दृष्टीने मला तिच्याइतका भरगच्च कार्यक्रम दुसरा सापडलेला नाही. जागेच्या मालकांना आधी फोन करून मडके आणि भांबुर्डी या रानरोपाचा पाला आणून ठेवायला सांगितले, परंतु पुढचे काम आमचे आम्ही करू हेही बजावले. मडक्याच्या तळाशी आणि कडेने पाला, त्यावर ओवा आणि जाडे मीठ लावलेल्या शेंगा, मग बटाटे, रताळी, अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. पाणी अजिबात घालायचे नाही. हे थर लावणे चार वर्षांच्या हातांनाही जमते. मडके उलटे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या रचण्यापर्यंत मुले सोबत होती. आग लावण्याआधी जमिनीवर चुन्याने वर्तुळ आखले आणि त्याच्या आत मुलांनी यायचे नाही असे ठरले. साधारण अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारून ते किती तापले आहे हे पाहतात. तो शिपका लांब दांडीच्या ओगराळ्याने मोठीने मारला. घरी वालाला तोंड न लावणाऱ्या दोघांनी शेंगा सोलून सोलून खाल्ल्या.

कोकणात जाताना विंचवाचा विचार करावाच लागतो. इथल्या लाल विंचवाचा दंश लहान मुलांना जिवावर बेतू शकतो. त्यावर प्राझोसिन हे औषध वापरण्याची उपचारपद्धती महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केली आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. तरीही वेळेत रुग्णालय गाठणे महत्त्वाचेच आहे, म्हणून जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता उजेडी एकदा पाहून ठेवतो आणि 108 हा क्रमांक मुलीलाही पाठ आहे. अतिनील प्रकाशाच्या विजेरीत विंचू हिरवट चमकतात. झोपण्यापूर्वी तशी विजेरी घेऊन मी तंबूची कड, पायऱ्या आणि पलंगाखालची जागा पाहतो, तर बूट झटकण्याचे काम मुलांचे असते. पेंढा आणि काटक्या मात्र मुलांना उचलायला द्यायच्या नाहीत, मोठ्यांनी आधी काठीने हलवून मग त्यांच्या हाती द्यायच्या.

पुढच्या खेपेची तयारी

विटीदांडू यादीतून काढला आहे. शेजारचे तंबू जवळ असतात आणि विटी कोणाच्या डोळ्याला लागेल याचा नेम नाही. लगोरी, सागरगोटे आणि दहा हात लांबीचा जाड सुती दोर कायम राहतील. फेब्रुवारी-मार्चनंतर धरणकाठी जाणार असाल तर मुलांना दगडगोट्यांत धावायला सोडण्यापूर्वी टिटवीचा ओरडा ऐकून घ्या, ती उघड्या जमिनीवर गोट्यांसारखीच दिसणारी अंडी घालते.

न सुटलेली एक अडचण उरते. धाकटा पहाटे पाचला उठतो, त्या वेळी बाहेर अंधार आणि थंडी असते, शेजारी झोपलेले असतात आणि कापडाच्या आत कुजबुजसुद्धा ऐकू जाते. त्या दीड तासासाठी सध्या शेंगदाणे सोलण्याचे काम ठेवले आहे. कोणाकडे याहून कमी आवाजाचे काम असल्यास कळवावे.