गनरचा पुतळा करताना

तोफखान्यातला हवालदार निवृत्त होऊन मुंबईत आला की त्याला एकच नोकरी ठरलेली: सिक्युरिटी. मीही परळच्या एका टॉवरच्या गेटवर उभा राहायचो. ड्युटी संपली की लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसायचो. आधी नुसता बघत होतो, मग शाडू मळून द्यायला लागलो, मग मूर्तीचे हात-पाय करायला. तिथल्या कारागिराने मुलुंडच्या एका शिल्पकाराकडे धाडलं आणि गेट सुटलं.

त्या स्टुडिओतल्या जुन्या पुस्तकांत चार्ल्स सार्जंट जॅगर हा इंग्रज शिल्पकार सापडला. यॉर्कशायरचा, चौदाव्या वर्षीच धातूवर नक्षी कोरायच्या उमेदवारीला लागलेला. १९१४ साली रोमला शिकायला जायची मोठी शिष्यवृत्ती मिळाली, ती सोडून हा पठ्ठ्या फौजेत भरती झाला. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत जखमी, बरा होऊन बेल्जियमकडच्या फ्लँडर्समध्ये परत जखमी, मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक. पुढे लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरला त्याने तोफखान्याचं स्मारक केलं, १९२५ साली. वर दगडात ९.२ इंची हॉवित्झर तोफ, खाली चार बाजूंना ब्राँझचे चार सैनिक. त्यातला एक मेलेला, अंगावर ओव्हरकोट टाकलेला. तेव्हा बऱ्याच जणांना ते खुपलं म्हणे. ४९,०७६ माणसं गेलेल्या तोफखान्याच्या स्मारकात मेलेला माणूस नको, हे म्हणणं मला तरी कळत नाही. दिल्लीत इंडिया गेटसमोरच्या छत्रीत पूर्वी असलेला पंचम जॉर्जही जॅगरचाच, पण राजात माझा जीव रमत नाही.

मग सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचं काम आलं. १९९९ ला कारगिलमध्ये गेलेला गनर, म्हणजे तोफेवरचा जवान, पूर्णाकृती, ब्राँझ. समितीला हवी होती पुढे काढलेली छाती, हातात रायफल, नजर आभाळात. म्हटलं, सरपंच, बोफोर्सवरचा माणूस रायफल घेऊन धावेल कुठे? त्याच्या हातात गोळा असतो, चाळीस किलोच्या वरचा. तो उचलताना आधी कंबर खाली जाते, हनुवटी छातीकडे ओढली जाते, मनगटाच्या शिरा वर येतात. बराच वाद झाला. शेवटी समितीतल्या एका माजी सुभेदारसाहेबांनीच बाकीच्यांना गप्प केलं.

सार्वजनिक जागेतला पुतळा म्हणजे कागद आलेच: ग्रामसभेचा ठराव, पोलिसांचं ना हरकत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. शिवाय मातीचं मॉडेल जे. जे.च्या आवारातल्या कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यायचं. ते होईस्तोवर माती सुकू द्यायची नाही. ओली फडकी, वर प्लास्टिक, मे महिन्यात रात्रीही उठून पाणी मारायचं.

चेहऱ्यासाठी भरतीच्या वेळचा पासपोर्ट फोटो तेवढा होता. त्याची बायको, आमच्या वहिनी, मॉडेल बघायला मुलुंडला आल्या. खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘भावजी, ह्यांची मान जरा डावीकडं कलायची. उजव्या कानानं कमी ऐकू यायचं.’ तोफेवरच्या माणसाचे कान जातातच, माझाही एक गेलाय. मी तार घेऊन मानेखालची माती कापली आणि डोकं त्यांच्यासमोरच बोटभर कलतं केलं. त्यांनी पदर डोळ्याला लावला, मग बुटाकडे बोट दाखवून विचारलं, नाड्या राहिल्यात का?

ओतकामात धातू थंड होताना दीड-दोन टक्के आकसतो, म्हणून माती आधीच तेवढी मोठी धरलेली. प्लास्टरचा साचा, त्यातून मेणाची प्रत, मेणावर परत हात फिरवायचा, कारण चूक सुधारायची ती शेवटची जागा. मग मेणावर कवच चढवून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत भट्टीतला धातू ओतायचा: तांबं ८५ टक्के, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५. पुतळा तुकड्यांत ओतून वेल्डिंगने जोडला, सांधे घासले आणि केमिकल मारून टॉर्चने तपकिरी रंग चढवला.

अनावरण झालं. आता समितीच्या डोक्यात सोनेरी ऑइलपेंट शिरलाय, शेजारच्या गावात लावलाय म्हणून. मी लेखी कळवलंय: रंग लावायचा नाही, वर्षातून एकदा साध्या पाण्याने धुऊन मेण चोळायचं. मेणाचा पहिला डबा माझ्याकडून.