फिशर–ताल, 21 चाली

रविवार, रात्री उशिरा

जेवणं झाल्यावर बुद्धिबळाचा पट मांडला आणि बॉबी फिशर विरुद्ध मिखाइल ताल हा डाव लावला. लाइपझिग ऑलिंपियाड, 1960. जेमतेम 21 चाली, निकाल बरोबरी. नुसता निकाल वाचणाऱ्याला वाटेल, दोघांनी हात मिळवले आणि चहाला गेले.

ताल तेव्हा जगज्जेता, त्याच वर्षी बोटविनिकला हरवून झालेला. फिशर 17 वर्षांचा. आदल्या वर्षीच्या कँडिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी) तालनं त्याला चारही डावांत लोळवलं होतं. माझ्यासारख्यानं अशा माणसासमोर वजिरावजिरी करून गुपचूप अर्धा गुण पदरात पाडून घेतला असता. या पोरानं काय करावं? तालनं काळ्यांकडून फ्रेंच बचावातला विनावर प्रकार (डावाची एक ठरलेली सुरुवात) लावला, आणि यानं सातव्याच चालीला वजीर जी4 वर, म्हणजे जी या उभ्या पट्टीतल्या चौथ्या घरात! तोच वजीर पुढे जी7 आणि एच7 ची प्यादी खाऊन येतो. तालही काही कमी नाही. दोन प्यादी गेली तर गेली, जी-पट्टी मोकळी झाली ना!

मजा खरी 14व्या चालीपासून. तालचा घोडा ई5 चं प्यादं मारतो आणि तिथून सलग 9 वेळा मारामारीच. मारलेल्या सोंगट्या ठेवायला हात पुरेना. फिशरच्या एकाच घोड्यानं ई5 चा घोडा, एफ7 चं प्यादं, डी8 चा हत्ती आणि ई6 चं प्यादं खाल्लं, आणि ई6 वर बसून तो वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम. ताल हत्तीनं जी2 चं प्यादं मारून शह देतो. त्या हत्तीला एफ1 वरच्या उंटाचा जोर, त्यामुळे राजाला तो मारता येत नाही.

इथे मी बराच वेळ अडून बसलो. उंट राजाच्या शेजारीच, बिनजोर. हात शिवशिवतात. पण उंट मारला की हत्ती एच2 चं प्यादं खाऊन थेट वजिरावर येतो. फिशर काहीच न मारता राजा कोपऱ्यात एच1 वर नेतो. अख्ख्या डावातली ही चाल मला सर्वांत आवडते. मग उंट, घोडा, हत्ती पटापट जातात आणि तालचा वजीर जी4–एफ3 असे शह देतच राहू शकतो, म्हणून बरोबरी. संपलं.

पुढच्या वर्षी ब्लेड गावच्या स्पर्धेत फिशरनं तालला हरवलं, तोही डाव लावायचाय. पण मंगळवारी क्लासच्या पोरांना आधी हाच दाखवणार, अठराव्या चालीवर थांबवून. निम्मी तरी उंट मारतील.