कचऱ्यावर उगवलेल्या जंगलात पळताना

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पळून पळून गुडघा कुरकुरायला लागला, म्हणून मातीची वाट शोधत मी धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेले. सायन-वांद्रे लिंक रोडवर, धारावी बस डेपोच्या समोर. या रस्त्याने मी कित्येक वर्षं जाते, पण आत पाऊल ठेवलं नव्हतं. फाटकावरच्या काकांना विचारलं, "आत पळलं तर चालेल ना?" ते म्हणाले, "पळा की. पण पाचोळ्यावर जपून, आणि गाणी मोठ्याने लावू नका."

वाट सोपी आहे. चढ नाही, दम लागत नाही, फिरून फिरून माणूस पुन्हा फाटकापाशी येतो. पायाखाली ओलसर माती आणि पानांचा थर, त्यामुळे गुडघ्याने पूर्ण फेरीत तक्रार केली नाही. लिंक रोडचे हॉर्न शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत, विमानंही डोक्यावरून जातात, पण त्या गदारोळातही तांबट पक्ष्याचं टुक-टुक स्पष्ट ऐकू येतं. एक भारद्वाज वाट ओलांडून झुडपात शिरला, माझ्याकडे ढुंकूनही न बघता.

दुसऱ्या फेरीत मात्र पळणं थांबलं. एका वळणावर पावसाने वाटेची कड धुऊन नेली होती आणि एका झाडाचं मूळ उघडं पडलं होतं. मनगटाएवढं जाड मूळ, आणि त्याने एका काचेच्या बाटलीच्या गळ्याला वेढा घातलेला. शेजारी रबरी चपलेचा तळवा, त्यातून केसांसारखी बारीक मुळं आरपार गेलेली. मी वाकून बघत होते तेव्हा पाइप ओढत आलेले माळीदादा म्हणाले, "खाली सगळं तेच आहे, ताई. खोल खणलं की कचराच लागतो."

सत्तरच्या दशकापर्यंत इथे मुंबईचा कचरा टाकत. कुजणाऱ्या कचऱ्यातून वायू निघतात, मुळांना हवा मिळत नाही. अशा जागी रोप तगवणं म्हणजे काय काम असेल! तरी लोकांनी वर माती घातली, झाडं लावली, पावसाचं पाणी साठवून ती जगवली. २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनी, उद्यान खुलं झालं. आज इथे ३७ एकर जंगल उभं आहे. घरी हे सांगितलं तेव्हा बाबांचा विश्वास बसेना. "तिथे? अगं, तिथून जाताना बसच्या खिडक्या लावून घ्यायचो आम्ही!" ज्यांनी त्या ढिगाऱ्यावर पहिली रोपं लावली त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

उद्यानाची एक बाजू मिठी नदीला लागून आहे. ओहोटी होती. कुंपणापलीकडे चिखलात तिवरांची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी वर आलेली. त्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं. पण निम्म्या मुळांवर प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. भरतीने आणलेल्या, ओहोटीने सोडून दिलेल्या. एका पिशवीच्या बाजूला एक खेकडा आपला एकच मोठा नांगा वर-खाली करत होता, आणि दोन निवट्या, चिखलात राहणारे छोटे मासे, चिखलावर उड्या मारत होत्या. पलीकडच्या काठावर बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, काचेच्या इमारती. विहार आणि पवई तलावांचं पाणी घेऊन निघालेली ही नदी पुढे माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला आणि ही मिठी घराघरांत शिरली. त्या पुराने होरपळलेल्या शहराने तिच्या पात्रात अजून पिशव्या सोडाव्यात, याचा मला संताप येतो. ज्या तिवरांनी पाण्याचा जोर कमी करायचा, त्यांचाच श्वास आपण कोंडतो आहोत.

बाकी सकाळ छान गेली. एक शाळेची सहल आली, कलकलाट झाला, पण बाई मुलांना पानं तोडू देत नव्हत्या हे बघून बरं वाटलं. डास मात्र भयंकर आहेत, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून जा. शक्यतो भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघा. भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि खेकडे दिसत नाहीत.

आणि एक विनंती. वाटेत फुलझाडांपाशी हळदी-कुंकू फुलपाखरं येतात, पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा आणि कडेला लाल रंग. तिथे घड्याळाकडे बघत, कानात गाणी घालून, उभ्या माणसांना बाजूला सारत पळणारा एक गट मला भेटला. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. वेळ नोंदवायची असेल तर मरीन ड्राइव्ह आहे. इथे त्या झाडांपाशी मी चालते, मागून येणाऱ्यांनीही चालावं.