व्हिडिओ लायब्ररीच्या कॅसेटवरचे स्लॅशर : उतरवले कसे, ठेवले कोणते

नागपुरातल्या व्हिडिओ लायब्रऱ्या बंद पडल्या तशा त्यांच्या कॅसेटी पोत्यांत भरून भंगारात गेल्या. इतवारी, महाल भागातल्या जुन्या सामानात त्या अजूनही मधूनच हाती लागतात. लायब्ररीवाल्यांच्या लेखी ‘हॉरर’ ही एकच फळी होती : रामसे बंधूंचे भूतपट, ‘झपाटलेला’ आणि अमेरिकेतले चाकूवाले सगळे एकत्र. त्यातले साधारण १९७६ ते १९८९ या काळातले स्वस्तात काढलेले स्लॅशर, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याचे सिनेमे, मी संगणकावर उतरवले आणि एकेक तपासून पाहिले. हे सिनेमे विसरले गेले ते त्यांच्या लायकीनं की नशिबानं, हे ठरवायचं होतं. पण निकाल द्यायच्या आधी समोर दिसतंय तो पूर्ण सिनेमा आहे की त्याचा उरलासुरला सांगाडा, हे पक्कं करावं लागतं. निम्मं काम तिथेच असतं.

कॅसेट आणली की थेट व्हीसीआरमध्ये सारायची नाही. बाजूची कळ दाबून पुढची झडप उघडायची, टेपची चमक पाहायची, मग वरच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर टॉर्च मारायचा. कडेवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. नागपूरचा पावसाळा बंद कपाटातल्या कॅसेटींना हमखास हे देऊन जातो. अशी कॅसेट चालवली की बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. उपाय कंटाळवाणा आहे पण अवघड नाही. खालचे पाच स्क्रू काढायचे, रिळं कशी बसली आहेत त्याचा फोटो घ्यायचा, तंतू न सुटणाऱ्या कोरड्या फडक्यातून टेप हातानं हळूहळू फिरवत पुसायची आणि रिळं दुसऱ्या कॅसेटच्या स्वच्छ खोक्यात बसवायची. नाकातोंडावर मास्क हवाच. झडपेची बारीक स्प्रिंग उडून जाते, म्हणून हे काम ताटात किंवा ट्रेमध्ये करावं.

उन्हाळ्यात अडचण उलटी. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि घरोघरी कूलर घरघरत असतो. कूलरची हवा दमट असते. व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर ओल धरली की टेप त्याला चिकटते आणि सुरकुतते. बऱ्याच मशीनमध्ये ही ओल ओळखणारा सेन्सर असतो आणि तो मशीन चालूच होऊ देत नाही. लोकांना वाटतं मशीन बिघडलं. कूलर बंद करून, खोली कोरडी होऊ देऊन मगच सुरुवात करावी. खरं म्हणजे नागपुरात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकून घ्यावं.

चित्रात मुंग्या दिसल्या की सीताबर्डीवरचा मेकॅनिक ‘हेड गेलं भाऊ’ म्हणतो. हेड म्हणजे ड्रमवरचं टेप वाचणारं टोक. बहुतेक वेळा हेड फक्त मळलेलं असतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शामॉय चामड्याची पट्टी घ्यायची. कापसाची काडी नको, तिचे तंतू हेडच्या फटीत अडकतात. पट्टी ड्रमला स्थिर टेकवून ठेवायची आणि ड्रम हातानं फिरवायचा. पट्टी वरखाली घासली की हेडचं टोक तुटतं, आणि मग मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरतं. नंतर कॅप्स्टनचा, म्हणजे टेप पुढे ओढणारा, दांडा आणि रबरी रोलर पुसून पंधरा मिनिटं वाळू द्यायचं. टेप आत ओढून मशीन लगेच बाहेर फेकत असेल तर बहुधा आतला पट्टा सैल झालेला असतो.

टेपवरचा सिग्नल डळमळीत असतो. चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो, आणि व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारी स्वस्तातली यूएसबी कॅप्चर पट्टी अशा ठिकाणी फ्रेम गाळते. तासाभरानं ओठ आणि आवाज यांचा मेळ तुटतो तो यामुळेच. हा सिग्नल स्थिर करणारं यंत्र, टाइम बेस करेक्टर, महाग पडतं. त्याऐवजी पॅनासोनिकचा ईएस-१० सारखा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडला, नुसता सिग्नल त्यातून पुढे जाऊ दिला, तरी वाकणं बरंचसं थांबतं. नोंद ७२० गुणिले ५७६ पिक्सेलमध्ये, लॉसलेस कोडेकमध्ये (तपशील न गाळणाऱ्या साठवणीत) करायची. एका सिनेमाला ५० जीबीच्या आसपास जागा लागते. ब्राइटनेस आपल्या मनानं कमी करू नये. रात्रीच्या प्रसंगांतला उरलासुरला तपशील काळ्यात बुडाला की कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही.

आता खरी तपासणी. आपल्याकडची कॅसेट पाल या टीव्ही पद्धतीची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं चित्रित झालेला, पालवर तो २५ नं धावतो, म्हणजे ९० मिनिटांचा सिनेमा ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो आणि आवाजही थोडा चढतो. एवढ्यावरून ‘चार मिनिटं कापली’ अशी बोंब मारणारे पुष्कळ आहेत. कॅसेटवरची वेळ २५ नं गुणून २४ नं भागायची आणि मगच मूळ लांबीशी ताडायची. एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीची कॅसेट असेल तर वेळ जशीच्या तशी धरावी. तिथे २४ फ्रेम वेगळ्या पद्धतीनं ६० फील्डमध्ये (एकाआड एक रेघांच्या अर्ध्या चित्रांत) वाटलेल्या असतात, वेग बदलत नाही.

फिल्मवरून आलेल्या पाल टेपला डीइंटरलेस करू नये, म्हणजे फील्ड सुटी करून त्यांच्या वेगळ्या फ्रेम बनवू नयेत. दोन्ही फील्ड एकाच फ्रेमची असतात, ती नुसती जुळवून घ्यावी; नाहीतर आधीच अपुरा तपशील निम्मा होतो. थेट व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेले सिनेमे मात्र वेगळे. त्यांची हालचाल जुन्या दूरदर्शन मालिकेसारखी गुळगुळीत दिसते. तिथे क्यूटीजीएमसी ही डीइंटरलेस करणारी स्क्रिप्ट वापरून सेकंदाला ५० फ्रेम काढाव्यात.

लायब्ररीच्या टेपवर आणखी एक खूण असते. पांढऱ्या रेघा आणि फाटकं चित्र बरोबर खुनाच्या प्रसंगांवरच येतं. गिऱ्हाइकांनी तेवढाच भाग मागेपुढे करून, पॉज करून पाहिलेला असतो आणि टेप तिथेच झिजते. खुनाचा प्रसंग आहे पण टेप तिथे स्वच्छ आहे, असं दिसलं की समजावं, पाहण्यासारखं काही उरलेलंच नाही. कात्री आधीच चालून गेली आहे.

ही कात्री बहुतेक वेळा अमेरिकेतच चाललेली असते. १९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’नं पैसा केला, त्यावर ओरड झाली आणि तिथल्या मानांकन मंडळानं पुढच्या स्लॅशरांना धारेवर धरलं. १९८१ चा ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ नोव्हा स्कोशियातल्या खऱ्या खाणीत चित्रित झाला. त्याचे खून इतके कापले गेले की कुदळ उगारलेली दिसते आणि पुढच्या क्षणी भलताच प्रसंग. कापलेल्यांपैकी सुमारे तीन मिनिटं २००९ च्या आवृत्तीत परत आली, आणि खाणीतला शेवटचा भाग तेव्हा कुठे पेलला गेला. ‘ब्लड रेज’ १९८३ मध्ये फ्लोरिडात चित्रित झाला आणि १९८७ मध्ये बाहेर आला. रक्त काढून टाकलेली त्याची प्रत ‘नाइटमेअर ॲट शॅडो वूड्स’ या नावानं फिरली. त्या प्रतीत जलतरण तलावाचा एक प्रसंग आहे, तो दुसऱ्या प्रतीत नाही. दोन्ही पाहिल्याशिवाय याच्यावर बोलू नये. मी तो ठेवला. जुळ्या भावांचा गोंधळ आणि लुईस लॅसरनं केलेली सैरभैर आई, एवढं त्याला पुरतं.

नावांचा घोळ तर विचारू नका. ‘द प्राउलर’ बाहेरदेशी ‘रोझमेरीज किलर’ होतो. आल्फ्रेड सोलचा १९७६ चा ‘कम्युनियन’ पुढे ‘ॲलिस, स्वीट ॲलिस’ झाला, आणि त्यातली छोटी ब्रुक शील्ड्स मोठी तारका झाल्यावर ‘होली टेरर’. कॉपीराइटच्या घोळामुळे त्याच्या भिकार प्रती जिकडेतिकडे पसरल्या. ‘हॅलोवीन’च्या दोन वर्षं आधीचा हा सिनेमा : पिवळा रेनकोट, अर्धपारदर्शक मुखवटा, चर्चमधली घुसमट. मागे पडला तो निव्वळ खराब प्रतींमुळे. याला विसरणं हा अन्यायच.

प्रत पक्की झाली की निकाल. ‘अभिनय वाईट’ हा माझ्या दृष्टीनं निकष नाही. सगळीकडेच वाईट असतो. ‘अंधारात काही दिसत नाही’ हाही नाही, कारण कॉपीच्या कॉपीवर झाड आणि खुनी सारखेच दिसतात. मी दोन गोष्टी पाहतो. सिनेमा संपल्यावर जागेचा नकाशा कागदावर काढता येतो का? आणि दोन खुनांमधली मिनिटं कशानं भरली आहेत? खुनी पडद्यावर नसताना तो कुठे असू शकतो हे प्रेक्षकाला कळत असेल तरच भीती टिकते. हे जमवायला पैसा लागत नाही.

स्कॉट स्पीगलचा ‘इंट्रूडर’ (१९८९) इथे पैकीच्या पैकी. रात्री एक सुपरमार्केट, फळ्यांच्या रांगा, मागचं गोदाम, ऑफिस. अर्ध्या तासात सगळं पाठ होतं. कॅमेरा ट्रॉलीच्या आतून, फोनच्या डायलमागून पाहतो. तो आधी व्हिडिओवर आला तेव्हा रक्तपात कापलेला होता, म्हणजे जमेची मोठी बाजूच गायब. जेफ लीबरमनचा ‘जस्ट बिफोर डॉन’ (१९८१) ऑरेगनच्या सिल्व्हर फॉल्स उद्यानातला. धबधबा, दोरांचा पूल, शिट्टी. संगीत ब्रॅड फीडेलचं, ज्यानं पुढे ‘टर्मिनेटर’चं केलं. यात खून कमी आहेत आणि जंगलाला दिशा आहेत. टेपवर त्याचा हिरवा रंग चिखल होतो, म्हणून हा डिस्कवरच पाहावा.

‘द प्राउलर’ (१९८१) अर्धा पास. खुनांचे मेकअप-इफेक्ट करणाऱ्या टॉम साविनीची कारागिरी त्याच्या उत्तम कामांपैकी, पण मधे नायक-नायिका अंधाऱ्या घरात टॉर्च घेऊन नुसते हिंडतात. दिग्दर्शक जोसेफ झिटोला यानंतर ‘फ्रायडे’चा चौथा भाग मिळाला, तो उगीच नाही.

‘डोन्ट गो इन द वूड्स’ (१९८१) ब्रिटनमधल्या बंदीच्या यादीत गेला म्हणून त्याचं नाव अजून निघतं. त्यात माणसं मरण्यापुरती जंगलात उगवतात, आवाज नंतर चिकटवलेला आणि जंगलाचा नकाशा दिग्दर्शकाकडेही नसावा. त्याची जागा अडगळीतच.

व्हिडिओवर काढलेल्यांची गोष्ट निराळी. डेव्हिड प्रायरचा ‘स्लेजहॅमर’ (१९८३) स्लो मोशन ताणून लांबी भरतो, आणि सिनेमा म्हणून मी तो कुणाला सुचवणार नाही. पण अशा सिनेमांचं निगेटिव्हच नसतं. टेप गेली की सिनेमा गेला. चांगल्या पिढीची, म्हणजे कॉपीच्या कॉपीची नसलेली, कॅसेट मिळाली तर ती उतरवूनच ठेवावी, आवडो न आवडो.

फिल्मवरच्या सिनेमांची डिस्क घ्यायची तर विभाग पाहून घ्यावी. भारत डीव्हीडीसाठी विभाग ५ आणि ब्लू-रेसाठी सी. ॲरो, व्हिनेगर सिंड्रोम या डिस्क काढणाऱ्या कंपन्यांच्या बऱ्याच डिस्क ए किंवा बी विभागापुरत्या बांधलेल्या असतात आणि आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर चालत नाहीत. ४के डिस्कला हे बंधन नाही.

उतरवून झालेली कॅसेट पूर्ण रिवाइंड करून पुस्तकासारखी उभी ठेवावी, भरलेलं रीळ खालच्या बाजूला. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी त्या बदलाव्यात. वर चिठ्ठी लावताना ‘हॉरर’ लिहून भागत नाही : पडद्यावर दिसलेलं नाव, मूळ नाव, पाल की एनटीएससी, मोजलेली वेळ आणि कुठल्या मिनिटाला काय कापलंय, एवढं तरी हवं.